पूलचं पाणी पांढरट-हिरवं व्हायलंय, रोज बॅकवॉश मारून पण फरक नाही, फिल्टरची वाळू बदलू का?

औसारोड_शेतकरी

नमस्कार मंडळी. लातूरहून औसा रोडला आमचं शेत आहे, तिथं तीन वर्षं झाली छोटं कृषी पर्यटन केंद्र चालवतोय, त्यात एक पूल बांधलाय ३० बाय १५ फुटाचा, खोली सरासरी ४ फूट. बांधताना मनात एकच होतं की गावातली पोरं पोहायला शिकावीत. आमच्या वेळी पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून चुलते विहिरीत ढकलून द्यायचे आणि आठ दिवसात पोरगं पोहायला लागायचं, आता ऐन सुट्टीत विहिरीला पाणीच नसतंय तर पोरं शिकणार कुठं.

तर अडचण अशी आहे. रंगपंचमीला काही पाहुणे रंगासकट पूलमधी उतरले, तेव्हापासून पाणी जे बिघडलं ते बिघडलंच. सकाळी दुधासारखं पांढरट दिसतंय आणि दुपारनंतर हिरवी झाक मारतंय, तळाच्या निळ्या टाइल्स दिसायच्या बंद झाल्यात. आमचा गडी रोज सकाळी न चुकता दहा मिनिटं बॅकवॉश मारायलाय, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायलाय, दोनदा तुरटी पण फिरवली. बॅकवॉश झाला की प्रेशरचा काटा १ किलोवर येतो आणि संध्याकाळपर्यंत परत दीडच्या पुढं. पूलमधी पाणी परत येतंय त्याची धार पण पहिल्यासारखी राहिली नाही. आणि रोज अडीच-तीन इंच पातळी खाली जायलीय, मला वाटलं उन्हानं उडत असेल.

पूल ज्यानं बांधून दिला तो ठेकेदार आता फोन उचलत नाही. ओळखीचा एकजण म्हणला वाळू खराब झाली, सगळी काढा आणि नदीची चाळलेली वाळू भरा, काही फरक पडत नाही. भरू का? १ एचपीचा पंप आहे, २५ इंची फायबरची टाकी, वर सहा कप्प्यांचा व्हॉल्व्ह. पाणी बोअरचं, लई जड, बादलीला पांढरे थर बसतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी स्टेशनवर बघायला गेलो होतो, त्यामुळं बॅकवॉशच्या पाइपातून असं पाणी वाहून जाताना बघवत नाही. पंधरा दिवसांनी शाळांना सुट्ट्या लागतील, त्याच्या आत दुरुस्त व्हायला पाहिजे.

ठिबकवाला_अंबड

दादा, पूलचं मला फार कळत नाही पण आपल्या ठिबकचा सँड फिल्टर आणि तुमचा तो फिल्टर हे सख्खे भाऊ आहेत. पाणी वरून येतं, वाळूतून खाली उतरतं, घाण वरच्या थरात अडकते, बॅकवॉशला उलटं खालून वर पाणी सोडायचं म्हणजे वाळू उचलली जाते आणि घाण सुटून बाहेर जाते. एवढंच तत्त्व आहे. माझ्या मोसंबीच्या बागेत एकदा असंच झालं होतं, बॅकवॉश मारला की दोन तासात परत प्रेशर चढायचं, झाकण खोललं तर वरती वाळूची खपली धरली होती, हात घातला तर हातात ढेकूळ आलं. जड पाण्याचा क्षार आणि शेवाळ मिळून वाळू सिमेंटसारखी धरते. खपली धरली की पाणी सगळ्या वाळूतून जात नाही, जिथं भेग सापडंल तिथून जातं, मग घाण कशी अडकंल? तुम्ही आधी झाकण खोलून बघा, न बघता वाळू बदलू नका. नदीच्या वाळूचं मात्र नाव काढू नका, ती आम्ही ठिबकला पण वापरत नाही.

पूलवाला_संभाजीनगर

मी बारा वर्षं सोसायट्यांचे आणि हॉटेलांचे पूल बघतोय. अंबडच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, पण त्याच्या आधी एक महत्त्वाचं. तळ दिसत नाही म्हणताय ना, मग पूल आजपासून बंद ठेवा, एका पण पोराला उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात लेकरू तळाला गेलं तर काठावर उभ्या माणसाला दिसत नाही. पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे याचं पहिलं कारण हे आहे, रोगराई नंतर.

आता तुमचा हिशोब बघा. तुमच्या पूलमधी साधारण ५१ हजार लिटर पाणी आहे. १ एचपी पंप तासाला बारा हजारच्या आसपास फेकत असेल तर दहा मिनिटाच्या बॅकवॉशला दोन हजार लिटर जातं, म्हणजे महिन्याला साठ हजार. तुमचा अख्खा पूल महिन्यात एकदा पाइपातून बाहेर चाललाय. तुमच्या मापाच्या पूलचा एक इंच म्हणजे हजार लिटरच्या थोडं वर, त्यामुळं रोजचे दोन इंच तर बॅकवॉशमधीच गेले. उन्हानं ह्या दिवसात दिवसाला एक सेंटीमीटर उडालं तरी अर्धा इंच पण होत नाही. उरलेलं कुठून तरी गळायलंय, त्याचं खाली सांगतो.

बॅकवॉश रोज मारायचाच नसतो. वाळूवर थोडी घाण बसलेली असली की ती बारीक घाण जास्त चांगली अडकवते, ताजी धुतलेली वाळू बारीक कण सोडून देते. नियम असा की फिल्टर स्वच्छ असताना काटा किती दाखवतो ते टाकीवर मार्करनं लिहून ठेवायचं, आणि त्याच्यावर साधारण अर्धा किलो चढला की मग बॅकवॉश. चांगल्या चालणाऱ्या पूलला ही वेळ आठवड्यातून एकदा येते, गर्दी असली तर दोनदा. मारायचा पण दोन-तीन मिनिटं, व्हॉल्व्हच्या बाजूला काचेची छोटी वाटी असते तिच्यात पाणी नितळ दिसलं की बंद. मग दांडा रिन्सवर (वाळू धुऊन पाणी बाहेर सोडायचा कप्पा) अर्धा-एक मिनिट आणि त्यानंतरच फिल्टरवर, रिन्स केलं नाही तर हललेल्या वाळूतली घाण सरळ पूलमधी येते. तुमचा काटा एका दिवसात अर्धा किलो चढतोय म्हणजे वाळू जाम झालीय हे नक्की, पण ती कशानं झाली ते शोधल्याशिवाय नवी वाळू टाकली तर ती पण वर्षात तशीच होईल.

आता व्हॉल्व्हचं. गडी दांडा फिरवताना पंप बंद करतो का, हे स्वतः उभं राहून बघा. पंप चालू ठेवून दांडा फिरवला की आत सायकलच्या आऱ्यांसारखं एक रबर असतं, स्पायडर गॅस्केट म्हणतात, ते जागेवरून उचकटतं नाहीतर फाटतं. मग दांडा फिल्टरवर असताना पण थोडं पाणी वेस्टच्या (बाहेर टाकायच्या) पाइपातून गळत राहतं आणि थोडं न गाळताच पूलमधी परत जातं. तपासायचं सोपं आहे, फिल्टर चालू असताना बॅकवॉशच्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन बघा, तिथं धार लागली असेल तर गॅस्केट गेलं. नवं बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा, गाडीचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

तुरटी टाकून फिल्टर चालवला का? तसं करायचं नसतं. तुरटीनं घाणीचा चिकट गोळा होतो आणि तो वाळूत जाऊन बसतो. तुरटी फिरवायची, पंप रात्रभर बंद ठेवायचा, सकाळी गाळ तळाला बसतो, तो व्हॅक्यूमनं ओढताना व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून सरळ बाहेर काढायचा, फिल्टरमधून जाऊ द्यायचाच नाही.

जलसुरक्षक_केज

मी ग्रामपंचायतीचं पाणी बघतो म्हणून टीसीएल बद्दल सांगतो. तुमचा गडी पावडर कोरडीच पूलमधी फेकतो काय? सकाळी दूध होण्याचं कारण मला तरी तेच वाटायलंय. टीसीएलमधी क्लोरीन तिसरा हिस्सा, बाकी बराचसा चुना असतो आणि तो विरघळत नाही. आम्ही विहिरीत नाहीतर टाकीत टाकताना आधी बादलीत पेस्ट करतो, पाणी घालून लाकडानं ढवळतो, अर्धा-पाऊण तास ठेवतो, चुना खाली बसला की वरचं पिवळसर निवळ तेवढं वापरतो, खालचा गाळ फेकून देतो. तुमच्याकडं तो सगळा चुना पूलमधी, तिथून फिल्टरमधी, वरून तुरटीचा चिकटा, वरून बोअरचा क्षार. वाळू दगड होणार नाही तर काय होईल.

दुसरं म्हणजे किती टाकलं यापेक्षा पाण्यात किती उरलं ते मोजा. आम्ही ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकून पिवळा रंग बघतो, पूलसाठी त्याच्यापेक्षा जास्त लागतं म्हणून पूलचं किट घ्या.

नांदेडकर_०७

पीएच किती आहे ते कुणीच विचारलं नाही??

पूलवाला_संभाजीनगर

बरोबर धरलंत, राहिलंच ते. आपल्या भागातलं बोअरचं पाणी बहुतेक ८ च्या आसपास निघतं आणि टीसीएलनं ते अजून वर जातं. पीएच ७.५ ला असताना टाकलेल्या क्लोरीनचा निम्मा भाग खरं काम करतो, ८ ला पाव भाग, साडेआठला दहावा हिस्सा पण नाही. म्हणून पावडर टाकून टाकून दमतो आणि पाणी हिरवं ते हिरवंच. वरून चढ्या पीएचला क्षार पाण्यातून सुटतो, पाणी धुरकट होतं आणि फिल्टरमधी थर बसतो. पीएच ७.२ ते ७.६ मधी ठेवा, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम). आधी पीएच खाली आणा, मगच क्लोरीन, उलटं केलं तर पैसे पाण्यात. क्लोरीन संध्याकाळी उन्हं उतरल्यावर टाका, दुपारच्या उन्हात टाकलेलं काही तासातच उडतं.

परळीची_ताई

पीएच उतरवायला ॲसिड वापरणार असाल तर भाऊ, हे आधी वाचा. आमच्या नातेवाईकाच्या रिसॉर्टवर पंपरूममधी ज्या बादलीत सकाळी ॲसिड कालवलं होतं त्याच बादलीत संध्याकाळी पोऱ्यानं टीसीएल ओतली. बादलीच्या बुडाला राहिलं असेल वाटीभर, जास्त नाही. पिवळट हिरवा धूर निघाला, खोली दहा बाय दहाची, एकच दार. त्याला दोघांनी ओढून बाहेर काढलं, दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं, खोकला तर महिनाभर गेला नाही. वीस वर्षाचं पोरगं होतं ते. तेव्हापासून तिथं ॲसिडची बादली लाल, टीसीएलची निळी, आणि दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, ॲसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही. क्लोरीनच्या गोळ्या आणि टीसीएल पण एका डब्यात मिसळू नका, त्यानं भडका उडतो.

आणि बॅकवॉशच्या पाण्याचं. तुम्हाला जीव तुटतो म्हणलात ते वाचून बरं वाटलं, कारण फार लोक ते सरळ ओढ्याला सोडून देतात. आम्ही एक हजार लिटरचा उघडा हौद बांधलाय, बॅकवॉश त्यात सोडतो, दोन-तीन दिवस उन्हात राहिलं की क्लोरीन उडून जातं आणि गाळ खाली बसतो. ते पाणी बांबूला, बोगनवेलीला, नारळाला चालतं. मोसंबी, लिंबाला अजिबात देऊ नका, क्लोरीन गेलं तरी क्षार तसाच राहतो आणि लिंबूवर्गीय झाडाला तो सोसत नाही, पानाच्या कडा करपतात. ॲसिडनं काही धुतलं तर ते पाणी वेगळं, ते हौदात नको. विहिरीजवळ, बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात पण नको.

ठिबकवाला_अंबड

ताईंचं मोसंबीचं शंभर टक्के खरं आहे.

औसारोड_शेतकरी

नऊ दिवसांनी लिहायलोय, उशिराबद्दल माफ करा, रोज फिल्टरच्याच मागं होतो. पूल त्याच दिवशी बंद केला, गेटला कुलूप लावलं.

पहिलं म्हणजे फिल्टर चालू ठेवून बॅकवॉशच्या पाइपाशी जाऊन बसलो. करंगळीएवढी धार चालू होती. दिवसभर, कुणाच्या लक्षात न येता. गड्याला विचारलं तर तो पंप चालू ठेवूनच दांडा फिरवायचा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा दोष नाही, मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. व्हॉल्व्हच्या झाकणाचे स्क्रू काढले, आतलं रबर दोन आऱ्यांवर फाटलेलं आणि एका जागी दुमडून आत गेलेलं.

मग टाकी खोलली. पंप बंद, मेन स्विच बंद, खालचा ड्रेन सोडून पाणी काढलं आणि व्हॉल्व्ह उचलला. वरती वाळू दिसतच नव्हती, राखाडी पांढरी साय धरल्यासारखा थर, त्यात गुलाबी आणि हिरव्या रंगाचे डाग, रंगपंचमीचे. बोटानं दाबलं तर दबेना. खुरप्याच्या मुठीनं ठोकलं तर भाकरीचा पापुद्रा मोडावा तसा तुकडा निघाला, तीन इंच जाड. त्याच्या खाली वाळूत लिंबाएवढे गोळे, चिकट, हातात फोडले तर आत खोबरेल तेलाचा वास. तेव्हा आठवलं की आमच्याकडं पोरं डोकं चोपडून येतात आणि तसंच पाण्यात उडी मारतात. ते तेल सगळं इथं येऊन बसलं होतं. वरचा थर काढून भागंल असं वाटलं होतं पण खाली हात घातला तर बुडापर्यंत गोळेच, म्हणून सगळी काढली. दोन माणसं, अर्धा दिवस, डब्या-डब्यानं.

नवी धुतलेली सिलिका सँड आणली, ०.४ ते ०.८ मिलिमीटर दाण्याची, २५ किलोची सहा पोती बसली. नदीची वाळू हातात घेऊन बघितली होती, एक दाणा ज्वारीएवढा, एक पिठासारखा, मधी माती आणि चुनखडीचे खडे. फरक डोळ्यालाच दिसतो.

वाळू भरायच्या आधी खालच्या प्लास्टिकच्या नळ्या एकेक करून तपासल्या, एकीला बारीक चीर होती, ती बदलली. पूलच्या तळाला कधीकधी चमचाभर वाळू सापडायची तिचं कारण पण कळलं. टाकी आधी अर्धी पाण्यानं भरून घेतली म्हणजे वरून पडणाऱ्या वाळूचा मार नळ्यांना बसत नाही, मधल्या उभ्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिक बांधलं. मग पहिला बॅकवॉश, रिन्स, फिल्टर. काटा ०.७ वर थांबला. टाकीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ०.७ स्वच्छ, १.२ ला बॅकवॉश.

पीएच मोजला तर ८.४ निघाला. तीन संध्याकाळी थोडं थोडं ॲसिड, आधी बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू ठेवून, बादली वेगळी, ताईंनी सांगितल्यासारखी लाल. ७.५ वर आल्यावर क्लोरीन टाकलं, केजच्या भाऊंच्या पद्धतीनं निवळ पाणी तेवढंच, बादलीच्या बुडाला राहिलेला चुना बघून गडी पण म्हणला, मालक, एवढं सगळं आपण पूलमधी टाकत होतो. तिसऱ्या दिवशी हिरवेपणा गेला, सहाव्या दिवशी तळाच्या टाइल्सच्या रेषा दिसल्या. आज सकाळी खोल बाजूला एक रुपयाचं नाणं टाकलं, काठावरून छापा वर आहे का काटा ते ओळखू येतंय.

पातळी आता दिवसाला अर्धा इंच पण उतरत नाही. नऊ दिवसात बॅकवॉश फक्त दोनदा, तीन-तीन मिनिटं.

एक विचारायचं राहिलं. पोरांना उतरायच्या आधी साबण लावून शॉवर सक्तीचा केलाय, पण पंप किती तास चालवू? लाइट आमच्याकडं दिवसा आठ तास असते, तेवढ्यात होईल का?

पूलवाला_संभाजीनगर

वाचून लई समाधान वाटलं. तुमचं सगळं पाणी एकदा फिरायला सव्वाचार तास लागतात, आठ तास चालवला तर दोनदा फिरतं, तेवढं पुरे आहे. पोरं असतील ते तास त्यात धरा, आणि ती गेल्यावर दोन तास चालू द्या. पंपाच्या पुढची केसांची जाळी रोज काढून झटका, ती भरली की पंप उपाशी राहतो आणि काटा खोटा कमी दाखवतो, मग तुम्हाला वाटंल फिल्टर स्वच्छ आहे. काळ्या रानाच्या धुळीची वावटळ येऊन गेली की त्या दिवशी काटा दोनदा बघा. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर पूल रिकामा असतो तेव्हा, झाकण खोलून वाळूत कोपरापर्यंत हात घालून बघत जा. दाणे बोटातून सुटे पडले तर तशीच ठेवा, अशी वाळू पाच-सात वर्षं सहज जाते.

आणि तो गडी, त्याला दांड्याजवळ उभं करून पंप बंद, दांडा दाबा, फिरवा, सोडा, पंप चालू, हे पाच वेळा तुमच्यासमोर करून घ्या.

औसारोड_शेतकरी

करून घेतलं. सहाव्या वेळी त्यानंच मला शिकवलं की दांडा पूर्ण दाबल्याशिवाय फिरवला तरी रबर ओढलं जातं, त्याच्या हाताला ते जाणवतंय. सोमवारपासून पहिल्या बॅचला बारा पोरं-पोरी येणार आहेत.